उतरलेले वजन टिकविण्याचा अभ्यास

निश्चयी मनुष्य चार-सहा महिन्यांत सात-आठ किलो वजन उतरवितो. परिचितांकडून कौतुक होते. पुढे दिवाळी येते, लग्नसराई येते, आणि वर्ष उलटेपर्यंत वजन पूर्ववत् झालेले असते. लोक म्हणतात, 'निश्चय टिकला नाही.' तो स्वतःही तसेच मानतो आणि पुन्हा त्या वाटेस जात नाही. हा निष्कर्ष अपुरा तर आहेच, शिवाय घातकही आहे. कारण ज्याने मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या भयाने वजन उतरविले, त्याच्या हातचे एक मोठे साधनच त्यामुळे सुटते.

वजन परत का येते?

हलक्या देहास ऊर्जा कमी लागते. ऐंशी किलोच्या देहास जो आहार पुरेसा होता, तोच बहात्तर किलोच्या देहास अधिक होतो. शिवाय शरीर झालेली घट भरून काढू पाहते. मेलबर्न येथील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५० स्थूल व्यक्तींना १० आठवडे अत्यल्प आहारावर ठेवले होते. त्यानंतर वर्ष लोटले तरी भूक व तृप्ती यांचे नियमन करणारी संप्रेरके पूर्वस्थितीस आली नव्हती, आणि भूक पूर्वीपेक्षा अधिकच होती. सारांश, जुन्या आहाराकडे परतणे म्हणजे अधिक भूक आणि कमी गरज घेऊन त्याच ताटावर बसणे होय. परीक्षेपुरते पाठ केलेले पाढे जसे सुटीत विसरतात, तसेच मुदतीच्या उपासाने उतरविलेले वजन मुदत संपताच परतते.

कोणाचे टिकले?

अमेरिकेत १९९४ साली रीना विंग व जेम्स हिल या संशोधकांनी अशा लोकांची एक राष्ट्रीय नोंद सुरू केली. किमान साडेतेरा किलो वजन उतरवून ते किमान एक वर्ष टिकविलेल्यांनाच तीत प्रवेश मिळतो. त्यांच्या वजन उतरविण्याच्या रीती निरनिराळ्या होत्या. टिकविण्याच्या सवयींत मात्र पुष्कळ साम्य आढळले. बहुतेक जण रोज सकाळी न्याहारी करीत, दिवसाकाठी सुमारे तासभर चालत किंवा अन्य व्यायाम करीत, आणि आठवड्यातून एकदा तरी वजन पाहत. ही नोंद स्वेच्छेने पुढे आलेल्यांची असल्यामुळे सवयी हेच एकमेव कारण, असे तीवरून सिद्ध होत नाही. तथापि दिशा कळते.

आपल्या घरात काय करावे?

जी सवय जन्मभर पाळता येणार नाही, ती आरंभीच धरू नये. पुढील चार गोष्टी कोणत्याही गावात साध्य आहेत.

१. चहा : दिवसाचे पाच चहा व प्रत्येकी दोन चमचे साखर धरल्यास सुमारे ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० किलोकॅलरी होतात. दर पंधरवड्यास अर्धा चमचा कमी करावा. जिभेस फारसे जाणवत नाही.

२. ताट : भाकरी सोडू नये. प्रथम पालेभाजी, उसळ व वरण वाढून घ्यावे, मग भाकरी. एक ग्रॅम तेलातून ९ किलोकॅलरी मिळतात. म्हणून घरात महिन्याला लागणारे तेल मोजून आणावे.

३. चालणे : चालण्याची वेळ एखाद्या नित्य गोष्टीशी बांधावी. शाळा सुटल्याची घंटा झाली की अर्धा तास, आणि सकाळी अर्धा तास. दुचाकी दारात असली म्हणजे दुकानापर्यंतही पाय चालत नाहीत, हे ध्यानी घ्यावे.

४. नोंद : आठवड्यातील एका ठरलेल्या सकाळी वजन करून ते दिनदर्शिकेवर लिहावे. दोन किलोंची वाढ दिसताच सावध व्हावे. आठ किलो वाढण्याची वाट पाहू नये.

पंगतीत एक दिवस अधिक जेवण झाले तर व्रत मोडले असे समजू नये. पुढचे जेवण नेहमीचे घ्यावे, एवढेच प्रायश्चित्त पुरे. मधुमेह वा रक्तदाबाचे औषध चालू असल्यास वजन बदलताना डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. प्रयत्न न करता वजन घटू लागल्यास तेही त्यांना सांगावे.

मुलांविषयी

वरील उपाय प्रौढांसाठी आहेत. वाढत्या मुलांस उपाशी ठेवू नये, किंवा वर्गापुढे कोणाचे वजन मोठ्याने वाचू नये. 'जाड्या' या हाकेने कोणाचेही वजन उतरत नाही. मूल मात्र मैदानावर येईनासे होते. शंका वाटल्यास २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे एकांतात विचारणा करावी. मैदान सर्व मुलांसाठी खुले ठेवणे व शिक्षकाने स्वतः त्यांच्याबरोबर खेळणे, हाच शाळेतील उत्तम पाठ होय.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या केंद्रातील कोणती रूढी वजन टिकविण्याच्या आड येते?
२. सत्काराच्या व सभेच्या प्रसंगी पेढे-बिस्किटांऐवजी काय देता येईल?
३. आजपासून धरलेली कोणती एक सवय दहा वर्षांनंतरही पाळता येईल?