वांझ तुरीच्या पानामागे

मार्गशीर्षातली सकाळ. शेतातली तूर पिवळ्या फुलांनी भरलेली; बांधालगतचं एक झाड मात्र नुसतंच हिरवं, झुडपासारखं फुटलेलं. त्याचं कोवळं पान मामांनी ओसरीवरच्या सूक्ष्मदर्शीखाली ठेवलं आहे.

भाची : पान चट्ट्याचट्ट्याचं दिसतंय, पण वर काहीच नाही.

मामा : उलटं कर. शिरेजवळ बघ.

भाची : हललं! गाजरासारखं आहे. पाय चारच?

मामा : चारच. बाकी कोळ्यांना आठ असतात, या एरिओफिड घराण्यानं चारांवर भागवलंय. लांबी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोक हाताला येईल ते कीटकनाशक मारतात. अगं, कोळी कीटक नाहीच, तो विंचवाच्या गोतावळ्यातला! किती वर्षं सांगतोय मी हे.

भाची : म्हणजे झाड या कोळ्यानं वांझ केलं.

मामा : विषाणूनं केलं. कोळी तो वाऱ्यावर शेतोशेत पोहोचवतो.

भाची : पण रस तर कोळी शोषतो. त्याच्या लाळेनंच झाड बिघडलं नसेल कशावरून?

मामा : रोगाची नोंद 1931 सालची, बिहारमधल्या पुसा इथली. 1962 मध्ये कोळ्यावर बोट ठेवलं गेलं. विषाणू हाती लागायला 2000 साल उजाडलं. हैदराबादजवळ पाटणचेरूला, इक्रिसॅट या संशोधन संस्थेत. पुढे कळलं की विषाणू एक नव्हे, दोन आहेत. एकाच्या आरएनएचे पाच तुकडे, दुसऱ्याचे सहा.

भाची : असतील. पण लाळेचं काय?

मामा : धीर धर जरा! हा विषाणू कोळ्याच्या अंड्यातून पुढच्या पिढीत उतरत नाही. म्हणून निरोगी रोपावर वाढवलेली पिल्लं स्वच्छ निघतात. ती रस शोषतात, तरी तूर वांझ होत नाही. तेच कोळी आधी रोगट पानावर बसव आणि मग निरोगी रोपावर सोड. पाच-सहा कोळी पुरतात. लाळ तीच, फरक फक्त विषाणूचा.

भाची : हं, हे पटलं. मग आता कोळ्यांमध्ये नवनवे विषाणू सापडतात, ते कसे?

मामा : कोळी वेचायचे, वाटायचे, आत असेल तेवढा आरएनए वाचून काढायचा. आरएनए-विषाणू आपली नक्कल स्वतःच्या पॉलिमरेझ नावाच्या विकरानं करतात. त्या पॉलिमरेझची ठेवण ओळखीची असते. तशी ठेवण दिसली, की नवा विषाणू असल्याचा संशय घ्यायचा.

भाची : पण कोळ्याच्या पोटात पानाचा रस असणारच. तो विषाणू पानाचा असला तर?

मामा : पुन्हा तिथंच आलीस. ये, हीच खरी अडचण आहे. कोळी उपाशी ठेवून बघायचे. नुसता रसाबरोबर आलेला विषाणू ओसरत जातो. कोळ्याच्या पेशीत वाढणारा टिकतो. अंडी तपासायची, पान वेगळं तपासायचं. एवढं केल्याशिवाय यादीतलं नवं नाव म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

भाची : मग हे सगळे का करत नाहीत?

मामा : वाचणारी यंत्रं आली, कोळी ओळखणारी माणसं गेली! मी निवृत्त झालो आणि माझी जागा भरलीच नाही. तीस वर्षांच्या काचपट्ट्या माळ्यावर गेल्या. विषाणू कुणाच्या अंगातला, हे सांगायचं तर आधी ते अंग कुणाचं, हे कळायला नको?

भाची : आणि या झाडाचं काय करायचं?

मामा : उपटायचं. पुढच्या वर्षी बदनापूरचं बीएसएमआर 736 पेरू. वांझ रोगाला तोंड देणारं वाण आहे. पण आधी ही पानं अल्कोहोलच्या कुपीत घाल. कोळी ओळखायला लागतील.

भाची : घातली. चिठ्ठीवर काय लिहू?

मामा : गाव, तारीख, तुरीचं वाण. शिसपेन्सिलीनं लिही, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. आणि खाली तुझं नाव घाल. उद्या कुणी विचारलं, तर उत्तर तुला द्यायचंय.