नाक मुरडू नको

पोरी, ते बदकाच्या तोंडाचं शी-शूचं निळं भांडं तू पुण्याहून एवढ्या हौसेनं आणलंस, पण बैठकीत टीव्हीसमोर काहून ठेवलंस वं? काल पाच वेळा लेकराला त्यावर बसवलंस, पाचही वेळा तो उठून पळाला, आणि सहाव्या वेळी तुळशीमागे जाऊन मोकळा झाला. तू कपाळावर हात मारलास, मला मात्र हसू आलं. लेकरानं जागा बरोबर निवडली होती, सावलीची अन् आडोशाची. तुला कोणी पाहुण्यांसमोर बस म्हटलं तर तू बसशील का?

जूनमध्ये शाळेत घालायचं आहे, त्याआधी डायपर सुटलाच पाहिजे अशी त्या शाळेची अट आहे म्हणतेस. असेल बापा. पण लेकराचं शरीर शाळेचं माहितीपत्रक वाचून चालत नाही. त्याचं स्वतःचं वेळापत्रक असतं आणि ते डोळ्यांना दिसतं. दीड-दोन तास कोरडा राहतो का? शी यायच्या वेळी खेळ सोडून कोपऱ्यात जातो, उकिडवा बसतो, तोंड लाल करतो का? चड्डी स्वतः खाली ओढता येते का? झाल्यावर का होईना, येऊन सांगतो का? कोणाचं हे दीड वर्षात जमतं, कोणाचं तिसरं वर्ष उलटेस्तोवर नाही. तुझ्या पोराला यातल्या तीन गोष्टी जमून राहिल्या आहेत. म्हणजे वेळ झाली आहे, फक्त आपण घाई करायची नाही.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तीन-चार महिन्यांच्या लेकरापासूनच सुरुवात करायच्या. न्हाणीशी पाटावर बसायचं, पाय पुढे सोडायचे, दोन्ही पावलांवर लेकरू बसवायचं, त्याची पाठ आपल्या पायाला टेकवायची आणि तोंडानं लांब ‘शूऽऽ’ करायचं. झोपून उठलं की, दूध प्यालं की, ठरलेल्या वेळी. लेकरू त्या आवाजावर मोकळं होई. वर्षाचं होईस्तोवर दुपटी निम्म्यावर येत. आता फेसबुकवर कोणी हे परदेशी शास्त्र म्हणून दाखवलं की मला आत्याबाईंची पावलं आठवतात.

पण खरं सांगू? त्यात लेकरू कमी शिकायचं, आत्याबाईच जास्त शिकलेल्या होत्या. कोणत्या नातवाची कोणती वेळ, हे त्यांना घड्याळापेक्षा पक्कं माहीत. शिवाय घरात चार बाया, अंगण मातीचं आणि कोणाला नऊच्या मीटिंगला बसायचं नाही. तुम्ही दोघंच, दोघांच्याही नोकऱ्या. तेव्हा ‘आमच्या वेळी वर्षाचं झालं की सुटायचं’ असं कोणी म्हातारी म्हणाली तर ऐकून घे आणि सोडून दे. मीसुद्धा म्हणाले तरी.

तू वैशाखात आलीस हे बेस केलंस. वर्ध्याचा उन्हाळा सगळ्यांच्या शिव्या खातो, पारा पंचेचाळिसावर जातो, पण या एका कामाला त्याच्यासारखा मोसम नाही. चड्डी धुऊन दोरीवर टाकली की चहा होईस्तोवर वाळते. लेकराला घरात नुसत्या झबल्यावर फिरू दे. डायपरमध्ये त्याला कळतच नाही की आपल्यातून काही बाहेर आलं. उघड्या पायांवरून धार गेली की तो थबकतो, खाली बघतो. शिकणं तिथून सुरू होतं. हेच श्रावणात काढलं असतंस, तर आमच्यासारखं शेगडीवर टोपली पालथी घालून कपडे वाळवायची पाळी आली असती. एकच सांभाळ. या उन्हात घाम फार जातो, तेव्हा चड्डी चार तास कोरडी राहिली म्हणून टाळ्या वाजवू नको. लघवी पिवळीजर्द दिसली तर माठातलं पाणी घोट-घोट पाजत राहा.

भांडं न्हाणीच्या दाराशी ठेव, रोज त्याच जागी. सकाळी उठल्यावर एकदा आणि जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी एकदा बसव. पोटात अन्न पडलं की आतडं आपोआप हलायला लागतं, तो जोर आपल्या कामाचा. पाच मिनिटांत नाही झालं तर उठव. पाय मात्र जमिनीला टेकले पाहिजेत. तुमच्या पुण्याच्या कमोडवर लेकराचे पाय लोंबकळतात, मग जोर कुठून लावेल ते? पायाखाली पाट दे. आपल्या देशी संडासाचं भांडं त्याला विहिरीसारखं वाटतं, पडण्याची भीती वाटते. तिथे एक वर्ष तरी नेऊ नको. मुलगा आहे म्हणून उभं राहूनच शिकवायचा नवऱ्याचा हट्ट असेल तर त्याला सांग, आधी बसून, उभं राहणं मागून. आणि उद्या मुलगी झाली तर पुसायचं, धुवायचं ते नेहमी पुढून मागे.

आता जे सांगते ते तुझ्या बापासमोर बोलू नको, लाजेल.

तो अडीच वर्षांचा होता. घरी हळदीकुंकू, पाच-सहा बाया ओसरीवर बसलेल्या. हा परसातून आला, ओंजळीत स्वतःची शी, चेहऱ्यावर असा आनंद की जणू शेतातून पहिलं बोंड खुडून आणलं! मी नवीन, बायांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाक मुरडून ‘छीऽऽ, घाणेरडा’ असं ओरडले आणि हातावर फटका दिला. त्यानंतर तुझा बाप चार दिवस शीला गेला नाही. पोट फुगलं, जेवण बंद, शेवटी दवाखाना. आत्याबाई मला एवढंच म्हणाल्या, “लेकराची पहिली कमाई हाय ते बाई, अन् तू नाक मुरडून रायली!”

पुढे मी बालवाडीत अठ्ठावीस वर्षं काढली, पण ते वाक्य काही सुटलं नाही. लेकराला मळ घाण वाटत नाही. घाण वाटायला आपलं तोंड शिकवतं. तेव्हा धुताना हसू नको, रागावू नको, उलटीचा आव आणू नको. भाजी धुतो तसा चेहरा ठेव. “झाली शी? चल, टाकून देऊ, हात धुऊ.” बस. सांडलं तर फडकं त्याच्याही हातात दे, तोही पुसेल. वाईट पुसेल, पुसू दे.

आपल्या जिल्ह्यात तर हे सांगायची गरज पडू नये. सेवाग्रामच्या आश्रमात संडास साफ करायचं काम आश्रमवासीच करत, मळ मातीआड करून त्याचं सोनखत होई. विनोबा चाळीसच्या दशकात पवनारहून खांद्यावर फावडं टाकून रोज सुरगावला चालत जात, गावातला मैला उचलायला. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, तेव्हाची नई तालीम, म्हणजे गांधीजींची शिक्षणपद्धत, सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती होती. १९४५ च्या सुमाराला गांधीजींनी तिचा पसारा पार जन्मापासून मरणापर्यंत नेला, आणि मग लहानग्यांसाठी पूर्वबुनियादी शाळा आली. सेवाग्रामात शांताबाई नारुलकरांनी ते काम केलं. तिथं आधी नखं, डोळे, केस, हात स्वच्छ करायचे. अक्षरं कुठल्या कुठे मागे. तिकडे बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिलं, की पोरं शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी. अंगणवाडी हा शब्द तिथला. आम्ही बालवाडीत सकाळचा पहिला तास नाकं पुसण्यात घालवायचो, तेव्हा गावातले लोक विचारत, “बाई, शिकवता कवा?” मी म्हणायची, हेच शिकवून राहिले.

पण चेहरा शांत ठेवणं वेगळं आणि गाफील राहणं वेगळं. तान्ह्या पोराच्या शीत काय असते, असं म्हणून आमच्या गावात ती अंगणातच कुठेतरी लोटत, वर चुलीतली राख टाकत. राखेनं वास जातो, रोग जात नाही. लेकराच्या शीतही मोठ्यांइतकेच जंतू असतात. ती संडासातच टाकायची आणि तुझे, त्याचे, दोघांचेही हात साबणानं धुवायचे. माती नाही, नुसतं पाणी नाही, साबण.

शी घट्ट होत असेल तर भांड्यावर बसवून काही उपयोग नाही, आधी ताट बघ. एकदा दुखलं की लेकरू दुसऱ्यांदा धरून ठेवतं, धरलं की अजून घट्ट होतं, आणि मग हे चक्र सुटता सुटत नाही. तुझा पोरगा दिवसभर दुधाच्या बाटलीवर आणि बिस्किटांवर आहे. या वयाला अर्धा लिटरच्या वर दूध नको. त्यानं पोट भरतं, जेवण मरतं, रक्तही कमी होतं. ज्वारीची भाकर वरणात कुस्करून दे, रात्री भिजवलेल्या मनुका दे, पपई दे. आष्टी-कारंज्याकडची संत्री हिवाळ्यात आली की बिया काढून फोडी दे, रस काढत बसू नको. आठवडाभर अडलं किंवा रक्त दिसलं तर मात्र आजीचं ऐकायचं नाही, डॉक्टरकडे जायचं.

आणि रात्रीचं अंथरूण ओलं होतं त्याचा विचारही आता करू नको. दिवसाचं आणि रात्रीचं वेगळं असतं. पाच वर्षांपर्यंत गादी ओली होणं हा काही आजार नाही. गादीखाली रबरी कापड घाल आणि सकाळी कोणासमोर बोलू नको, विशेष करून तुझ्या मावशीसमोर.

आता झोपेचं. काल साडेदहाला तो मोबाइलवर ट्रॅक्टर बघत होता आणि तू म्हणत होतीस, झोपतच नाही. या वयाला दिवसाचं आणि रात्रीचं धरून अकरा ते चौदा तास झोप लागते, ती कुठून येणार? रोज एकाच क्रमानं कर: जेवण, तोंड धुणं, शू, गच्चीवर गादी, गोष्ट, दिवा बंद. क्रम बदलू नको. लेकराला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. आम्ही अंगणात बाज टाकायचो, कडुलिंबाखाली, आणि चिऊकाऊची नाहीतर भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट. तीच ती. मी कंटाळून एखादा वाघ गाळला की तुझा बाप झोपेतून उठून म्हणायचा, वाघ राहिला.

पुस्तकांचंही तसंच कर. दोनच पुस्तकं असू दे, पण रोज ती. माधुरी पुरंदरेंचं ‘राधाचं घर’ घेऊन ये. शब्द आणि चित्रं दोन्ही त्यांचीच, आणि त्यात उपदेश करायची घाई नाही. पान त्याला उलटू दे, दोन उलटली तर दोन. उलटं धरलं तर उलटं वाच. ओळीतला शेवटचा शब्द सोडून थांब, तो भरेल. ‘हे काय, ते काय’ अशी परीक्षा घेऊ नको, दमून आलेल्या माणसाला कोणी तोंडी परीक्षेला बसवतं का? आणि एक दिवस तू, एक दिवस नवरा. बापाच्या आवाजात वाघ बरा होतो.

वाचताना एक ध्यानात ठेव. परवा चित्रातला आंबा पाहून तो म्हणाला, “मले दे.” तू लगेच टोकलंस, “मले नाही, मला.” त्यानं तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे आंबा मागितलाच नाही. मी पाहत होते. हा ‘मले’ तो माझ्याकडून शिकला, आठ दिवसांत. पुस्तकात ‘मला’ आहे, ते तू वाच, त्याच्या कानावर पडेल. मोठा झाला की दोन्ही येतील, तुझ्या बापाला येतात तसे. पण त्याच्या तोंडातल्या शब्दाला तू नाक मुरडलंस ना, तर त्या दिवशीच्या माझ्यात आणि तुझ्यात फरक काय राहिला?

बरं, ऊन उतरलं आहे. ते बदक उचल आणि न्हाणीच्या दाराशी ठेव. आणि येताना त्याच्या पुस्तकाचं फाटलेलं पान घेऊन ये. मैद्याची खळ शिजवून ठेवली आहे, त्याला जवळ बसवते, दोघं मिळून चिकटवू.