साठा आणि निर्मिती

चि. मुक्ता हिस,


तुझ्या प्रबंधाची रूपरेषा वाचली. प्रश्न चांगला आहे: ज्यांचे जुलाब महिनोन्महिने थांबत नाहीत, त्यांचं लिव्हर पित्ताम्लं जास्त बनवतं का? पण मोजायला निवडलंस काय, तर रक्तातली एकूण पित्ताम्लं. आणि का, तर ती तपासणी तुमच्याच लॅबमध्ये होते म्हणून! सोयीपायी मोजमाप निवडू नये गं.

आतड्यात उतरलेली पित्ताम्लं लहान आतड्याच्या शेवटाकडून जवळजवळ 95 टक्के परत शोषली जातात आणि पोर्टल शिरेतून लिव्हरकडे जातात. लिव्हर त्यांतली बहुतेक उचलून घेतं. निसटतात तेवढीच तुझ्या सुईत येतात. म्हणजे तो आकडा लिव्हर किती नीट उचलतंय आणि पेशंट कधी जेवलाय हे सांगणार. गरोदरपणात अंगाला खाज सुटली की डॉक्टर हीच तपासणी मागतात, आणि तिथे ती योग्यच आहे. पण शौचावाटे गेलेल्यांची भरपाई म्हणून लिव्हर रोज साधारण अर्धा ग्रॅम नवी पित्ताम्लं घडवतं, त्याचा थांग तिच्यातून लागत नाही.

त्यासाठी सी-फोर मोज. पूर्ण नाव 7-अल्फा-हायड्रॉक्सी-4-कोलेस्टेन-3-ओन. तोंडी परीक्षेला पाठ असू दे, एरवी सी-फोर पुरे. कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ल घडताना वेग ठरवणारं एन्झाइम म्हणजे सीवायपी-7ए-1, आणि त्याच्या पुढच्याच पायरीवर हा पदार्थ तयार होतो. गुऱ्हाळात काहिली जोरात उकळत असली की काठावरून थोडा रस सांडतोच. तसं काम वाढलं की सी-फोर रक्तात जास्त उतरतं. स्वीडनमध्ये ॲक्सेल्सन, श्योव्हाल आणि सहकाऱ्यांनी 1988 साली हा संबंध दाखवला.

जमलं तर सोबत एफजीएफ-19 बघ. पित्ताम्लं परत शोषली गेली की आतडं हे संप्रेरक सोडून लिव्हरला निर्मिती आवरायला सांगतं. पित्ताम्लांमुळे होणाऱ्या जुलाबात ते बहुधा कमी आणि सी-फोर जास्त सापडतं. ब्रिटनमध्ये सेलेनियमची किरणोत्सारी कॅप्सूल देतात आणि सात दिवसांनी तिच्यातला 15 टक्क्यांहून कमी अंश शरीरात उरला तर निदान करतात. अमेरिकेत ती मिळत नाही, म्हणून तिथे सी-फोरवर भिस्त जास्त.

मात्र सी-फोरही लहरी आहे. दिवसात ते दोनदा चढतं, दुपारी एकच्या आणि रात्री नऊच्या सुमारास. ओपीडीत पेशंट येईल तेव्हा सुई टोचलीस तर तू आजार नाही, घड्याळ मोजशील. सगळ्यांचं रक्त सकाळी, रात्रभरच्या उपासानंतर आणि ठरल्या वेळेतच घे. स्टॅटिन चालू असेल तर आकडा खाली येऊ शकतो, कोलेस्टायरामीनने वर जातो, आणि लिव्हरच बिघडलेलं असेल तर भरवसा धरू नकोस. सी-फोर लायपोप्रोटीनवर बसून फिरतं, म्हणून कोलेस्टेरॉलही त्याच नमुन्यात मोजून ठेव.

मास स्पेक्ट्रोमीटर तुमच्याकडे नाही, हे मला माहीत आहे. नमुने गोठवून दुसऱ्या संस्थेत पाठवावे लागतील, खर्च वाढेल, गाइड कुरकुर करतील. पेशंट कमी घे, पण हे सोडू नकोस. सुधारलेला मसुदा पाठव. त्यात रक्त घेतल्याच्या वेळेचा रकाना नसेल तर मी तो पुढे वाचणार नाही.

तुझा,
मामा