सर्वांत शेवटी कळते ते आईवडिलांना

'व्यसन' हा शब्द आपल्याकडे संस्कृतातून आला. त्याचा एक जुना अर्थ 'संकट' असा आहे. नित्याच्या बोलण्यात मात्र व्यसन म्हणजे वाईट खोड, चैन, मस्ती एवढेच आपण धरतो. त्यामुळे स्वतःच्या मुलाविषयी हा शब्द उच्चारायची वेळ आली की आईवडील एक तर हात उगारतात, नाही तर डोळे मिटून घेतात. शब्दाचा जुना अर्थ ध्यानात ठेवला तर दोन्ही गोष्टी टळतील. संकटात सापडलेल्याला कोणी मारत नाही, आणि त्याच्याकडे पाठही फिरवत नाही.

लेख पालकांविषयी, आणि तो छापला जातो आहे महाविद्यालयाच्या अंकात, याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्याचे कारण असे. आपल्याकडे पी.यू.सी.ला येणारी मुले-मुली सोळा-सतरा वर्षांची असतात. त्यांतली कित्येक खानापूर, चंदगड भागांतल्या खेड्यांतून बेळगावला येतात, खोली करून किंवा वसतिगृहात राहतात आणि सुटीला तेवढी घरी जातात. त्यांना रोज पाहणारे डोळे आईवडिलांचे नसतात. ते खोलीतल्या मित्राचे, वर्गातल्या प्राध्यापकांचे, खाणावळीतल्या मावशींचे असतात. मी मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे अशा प्रसंगी पालक भेटायला येतात. त्यांच्या तोंडून एक प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकतो : "सर, हे सगळ्यांना ठाऊक होते, मग आम्हालाच कसे कळले नाही?" या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर ते पालकांबरोबर आपल्यालाही शोधले पाहिजे.

उशीर का होतो?

पहिले कारण वयाचे. या वयात मूल आपण होऊनच बदलते. दार लावून बसते, उलट उत्तर देते, उशिरा उठते, मित्रांत रमते. नशेची सुरुवातही अशीच दिसते, म्हणून 'वयच तसे आहे' असे म्हणून घर गप्प राहते. याच वयात धोका मात्र अधिक असतो. मेंदूचा जो भाग परिणामांचा विचार करतो आणि मोहाला आवर घालतो, त्याची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू राहते. सुख आणि थरार यांची ओढ त्याच्या कितीतरी आधी जागी झालेली असते. सवय जितक्या कोवळ्या वयात लागते तितकी ती चिवट होण्याचा संभव वाढतो.

दुसरे कारण आपल्या मनातल्या चित्राचे. नशेबाज म्हटले की चिलीम ओढणारा किंवा गटारीपाशी पडलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. पण मुलाच्या दप्तरात असते ती खोकल्याच्या औषधाची बाटली, गोळ्यांची पट्टी, पंक्चर काढायच्या सोल्युशनची नळी किंवा व्हाइटनर. या वस्तू पाहून कोणाला शंका यावी? दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात हुंगण्याच्या द्रव्यांचे सेवन प्रौढांमध्ये ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयाच्या मुलांमध्ये १.१७ टक्के आढळले. मुलांचे प्रमाण प्रौढांपेक्षा जास्त भरले ते याच एका प्रकारात. हे पदार्थ स्वस्त असतात, दुकानात उघड मिळतात आणि शाळकरी मुलाच्या हाती शोभतात, हे त्यामागचे साधे कारण.

तिसरे कारण शरमेचे. 'लोक काय म्हणतील' या भीतीने शंका आली तरी ती शेजारी, नातेवाईक, एवढेच काय, डॉक्टरांपासूनही लपवली जाते. मुलीच्या बाबतीत तर ती शंका मनातसुद्धा येऊ दिली जात नाही.

पदार्थ आणि त्यांच्या खुणा

गांजा ओढल्यावर डोळे लाल होतात, तोंड कोरडे पडते, भूक वाढते, कारण नसताना हसू येते आणि वेळेचे भान सुटते. खोलीत सारखी उदबत्ती लावणे किंवा डोळ्यांत घालायचे थेंब जवळ बाळगणे हे वास आणि लाली झाकण्यासाठी असू शकते.

गर्द, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणि काही तीव्र वेदनाशामक गोळ्या या अफूच्या जातीच्या. यांत डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, बसल्या जागी पेंग येते, अंगाला खाज सुटते, बद्धकोष्ठ होतो. खाली काळपट झालेला चांदीचा कागद ही गर्दची खूण. माल मिळाला नाही की नाक गळते, जांभया येतात, अंगावर काटा येतो, हातपाय ठणकतात, जुलाब होतात. घरच्यांना तो फ्लू वाटतो. असा फ्लू वारंवार येऊ लागला आणि मुलगा बाहेर जाऊन आल्यावर तासाभरात बरा होऊ लागला, तर विचार करावा.

झोपेच्या गोळ्यांना मुलांच्या बोलीत कोठे कोठे 'बटण' म्हणतात. त्यांनी जीभ जड होते, चाल अडखळते, आदल्या रात्रीचे आठवत नाही. पण तोंडाला दारूचा वास नसतो. उत्तेजक पदार्थांचे उलटे : बाहुल्या मोठ्या होतात, झोप आणि भूक उडते, बडबड वाढते, पुढे पुढे संशय येऊ लागतो. परीक्षेच्या दिवसांत 'जागायला मदत होते' म्हणून यांची पहिली गोळी घेतली जाते.

हुंगणाऱ्या मुलाच्या रुमालाला, मोज्याला किंवा श्वासाला रसायनाचा वास येतो आणि नाकातोंडाभोवती पुरळ उठते. हा पदार्थ क्षुल्लक समजू नये. अगदी पहिल्या खेपेलाही हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो.

घाईने निष्कर्ष नको

वरील खुणा वाचून उद्या प्रत्येक लाल डोळ्याकडे संशयाने पाहू लागलो तर लेखाचा उपयोग होण्याऐवजी अपाय होईल. डोळे जागरणानेही लाल होतात. मूल अबोल होते ते नापास झाल्याने, प्रेमभंगाने, घरातल्या भांडणाने किंवा नैराश्याच्या आजारानेही. तेव्हा एकेका खुणेपेक्षा बदलाकडे पाहावे. झोप, पैसा, मित्र, अभ्यास, आवडीचा खेळ किंवा छंद या पाच ठिकाणी थोड्याच आठवड्यांत एकदम बदल झाला आहे काय? फी भरायला दिलेले पैसे कोठे गेले, सायकल किंवा मोबाइल 'हरवला' कसा, क्रिकेटसाठी जीव टाकणारा मुलगा मैदानाकडे फिरकत का नाही, हे प्रश्न दप्तर उचकटण्यापेक्षा अधिक सांगून जातात. नशा नसली तरी एवढा बदल झालेल्या मुलाला मदतीची गरज असतेच. म्हणजे चौकशी वाया जात नाही.

काही पालक थेट लघवीची तपासणी करून घ्यायला निघतात. गांजाचा अंश शरीरात कित्येक दिवस, नेहमी ओढणाऱ्याच्या बाबतीत कित्येक आठवडे राहतो, तर हुंगण्याची द्रव्ये नेहमीच्या तपासणीत दिसतच नाहीत. मूल व्यसनाधीन झाले आहे की नाही हे तपासणीचा कागद सांगू शकत नाही. ती करायचीच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि मुलाला सांगून करावी. चोरून केलेल्या तपासणीने एक उत्तर मिळते आणि विश्वास जातो.

बोलावे कसे?

नशेत असलेल्या मुलाशी त्या वेळी वाद घालू नये. त्याला सुरक्षित झोपू द्यावे, लक्ष ठेवावे आणि बोलणे दुसऱ्या दिवशी करावे. ते आईने किंवा वडिलांनी, ज्यांच्याशी मूल मोकळे असेल त्यांनी, चार पाहुण्यांदेखत नव्हे तर एकांतात करावे. 'तू आमच्या तोंडाला काळे फासलेस', 'त्या मित्रानेच तुला बिघडवले', 'आईची शपथ घे' ही तीन वाक्ये घराघरांत ऐकू येतात. पहिल्याने मूल गप्प होते, दुसऱ्याने मित्राची बाजू घेऊन भांडते, तिसऱ्याने खोटे बोलते. शपथेने शरीराची ओढ थांबत नाही. मोडलेल्या शपथेची लाज मात्र त्याला पुन्हा नशेकडेच ढकलते.

त्याऐवजी जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे : "या महिन्यात तू तीनदा पैसे मागितलेस, दोनदा तुला उठवताना तू शुद्धीवर नव्हतास. मला काळजी वाटते. काय घेतोस, कधीपासून, ते मला सांग. मी ओरडणार नाही, पण सोडूनही देणार नाही." असे म्हटल्यावर खरोखरच ओरडू नये. पहिल्या दिवशी नकारच मिळेल. चार दिवसांनी पुन्हा विचारावे. प्रेम आणि पैसा यांत मात्र फरक करावा. जेवण, औषध, वेळ द्यावा. रोख रक्कम देऊ नये, त्याची उधारी भागवू नये, त्याच्यासाठी महाविद्यालयात खोटी चिठ्ठी देऊ नये.

उपचार आणि कायदा

व्यसनाधीनता हा पुन्हा पुन्हा उलटणारा, पण उपचार असलेला आजार आहे. मुलाला खोलीत कोंडून 'सुटेल आपोआप' असे मानणे धोक्याचे आहे. दारू किंवा झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्याने त्या एकदम बंद केल्या तर झटके येऊन जिवावर बेतू शकते. गर्दची तडफड काही दिवसांत ओसरते. पण त्यानंतरचे महिने खरे कसोटीचे. काही काळ बंद ठेवून कोणी पुन्हा जुन्याच मात्रेने घेतले, तर शरीराची सहनशक्ती उतरलेली असल्याने मृत्यूचा धोका वाढतो. म्हणून एकदा घसरला म्हणून मुलाला घराबाहेर काढू नये. त्याच दिवशी पुन्हा डॉक्टर गाठावा.

जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग, धारवाडची डिमहान्स आणि बंगळूरची निमहान्स ही आपल्या राज्यातली सरकारी ठिकाणे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. तेथे रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबीयांनाही उपचारात सामील करून घेतात. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा मोफत दूरध्वनी आहे. केंद्र निवडताना तेथे मनोविकारतज्ज्ञ येतात काय, पालकांना भेटू देतात काय, हे विचारावे. मारहाण करणारे, साखळीने बांधणारे केंद्र हे उपचारकेंद्र नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यास सक्त मनाई केली आहे.

पोलिसांच्या भीतीने अनेक घरे डॉक्टरांकडे जात नाहीत. अमली पदार्थांविषयीचा कायदा १९८५ चा. त्याच्या ६४-अ कलमानुसार, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनाधीन मनुष्य आपण होऊन सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेतो, तेव्हा त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढूनही घेता येते. विकणाऱ्याला ही सवलत नाही. हे कलम पालकांना कोणी सांगत नाही. निदान या अंकाच्या वाचकांनी तरी सांगावे.

आपले काम

विद्यार्थी मित्रहो, शेजारच्या खाटेवरचा मित्र काय घेतो हे तुम्हाला त्याच्या आईच्या कित्येक महिने आधी कळते. 'चुगली कशी करायची?' हा तुमचा प्रश्न मी समजू शकतो. त्याला आधी तोंडावर सांगा : "तू घरी सांग, मी बरोबर येतो. नाही सांगितलेस तर मी सांगेन." ही चुगली नव्हे. सुई, हुंगणे, शुद्ध हरपणे किंवा मरणाची भाषा यांपैकी काही दिसले तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी मोठ्या माणसाला गाठा. मित्र हलवून उठत नसेल, श्वास मंद होत असेल, ओठ निळे पडत असतील तर १०८ ला फोन करा, त्याला कुशीवर वळवा, लिंबूपाणी पाजू नका, ओकारी काढायला लावू नका, आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा. पट्टी किंवा बाटली बरोबर न्या. अफूच्या जातीच्या पदार्थांवर नॅलॉक्सोन हा उतारा आहे. पण नाव कळले आणि वेळ साधली तरच तो कामाचा.

प्राध्यापक बंधुभगिनींना एकच विनंती. हजेरी घसरलेल्या मुलाच्या घरी फोन जावा तो तक्रारीचा नसावा, विचारपुशीचा असावा. घरी मराठी असेल तर मराठीत, कन्नड असेल तर कन्नडात. नशा करणाऱ्या मुलाचे नाव पटावरून काढून टाकले की महाविद्यालय स्वच्छ झाल्यासारखे वाटते, पण त्या मुलाला रोज पाहणारी उरलीसुरली माणसेही त्या दिवशी नाहीशी होतात. त्याला उपचारासाठी रजा द्यावी, आणि परत आल्यावर बसायला त्याचा बाक राखून ठेवावा.