टाकाऊ पिंपाची धुरीभट्टी : स्वस्ताईचे अर्थशास्त्र

मासळी हा अत्यंत नाशवंत माल होय. बर्फ हाताशी नसेल, तर सायंकाळपर्यंत मिळेल त्या भावाला ती विकणे भाग पडते. म्हणजेच अतिअल्प काळात तिचा पुरवठा जवळजवळ अलवचीक असतो. धुरी दिलेली मासळी टिकते व विक्रेत्याला थांबण्याची सवड मिळते. सौदाशक्ती वाढते ती या सवडीमुळे. कोकणात बोंबील उन्हात वाळवता येतात. परंतु मणिपूर वा आसामच्या दमट, पावसाळी हवेत चुलीचा धूरच उपयोगी पडतो. इंफाळच्या इमा कैथेल या स्त्रियांनी चालविलेल्या बाजारात धुरी दिलेली मासळी विकली जाते. लक्षद्वीपमधील ‘मासमीन’ही कुपा मासा शिजवून, धुरी देऊन व वाळवूनच तयार होते.

धुरीचे कार्य दुहेरी असते. उष्णतेने मांसातील पाणी घटते; धुरातील फिनॉल व सेंद्रिय आम्ले जीवाणूंची वाढ आणि चरबीचे खवट होणे मंदावतात. उष्ण धुरीत मासा शिजतो. शीत धुरीत तापमान सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या खाली राहते, त्यामुळे आधी पुरेसे मीठ लावणे अटळ ठरते.

या कामासाठी जगभर वापरले जाणारे साधन म्हणजे २०० लिटरचे जुने लोखंडी पिंप. त्याचे झाकण कापून काढतात, तळाशी लाकडे सारण्यासाठी तोंड पाडतात, वरच्या भागात आरपार सळया घालून त्यांवर तारेच्या जाळ्या ठेवतात आणि जुना पत्रा वा गोणपाट झाकतात. आग व मासळी यांच्यामध्ये छिद्रे पाडलेला पत्रा बसविल्यास धूर सर्वत्र पसरतो आणि चरबीही थेट विस्तवावर गळत नाही. पिंपात पूर्वी रसायने वा कीटकनाशके नव्हती याची खात्री हवी. आतील रंग जाळून व खरवडून काढावा लागतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आगीजवळ वापरणे घातक असते. लाकूड कठीण व बिनराळेचे असावे. रंग दिलेले भंगार लाकूड तर मुळीच नको.

येथवर पिंप स्वस्तच दिसते. मात्र हा हिशेब केवळ स्थिर खर्चाचा झाला. पिंपाच्या पातळ पत्र्यातून उष्णता निसटते, सरपण अधिक जळते आणि मासे हाताने वरचेवर उलटावे लागतात. धूर ज्या स्त्रीच्या डोळ्यांत व फुप्फुसांत जातो, तिच्या आरोग्याची किंमत कोणत्याच खतावणीत नोंदली जात नाही. भांडवलाची बचत अशा रीतीने श्रम, सरपण व आरोग्य यांच्या माथी मारली जाते.

घानामधील अनुभव या संदर्भात अभ्यासण्याजोगा आहे. तेथे १९७० च्या सुमारास, पिंपाच्या व मातीच्या गोल भट्ट्यांना पर्याय म्हणून, अक्रा शहरालगतच्या चोरकोर येथील स्त्रियांच्या सहभागाने आयताकृती भट्टी विकसित झाली. तिच्यात लाकडी चौकटींच्या दहा-पंधरा जाळ्या एकावर एक रचतात. या चौकटीच धुराड्याचे काम करतात. सरपण वाचले, एका वेळचा माल वाढला आणि मासे उलटण्याऐवजी जाळ्यांची अदलाबदल पुरेशी ठरली. तरीही एक दोष उरला. विस्तवावर गळणाऱ्या चरबीतून पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन तयार होतात आणि त्यांपैकी बेंझोपायरीन कर्करोगकारक आहे. युरोपीय संघाने २०१४ पासून धुरी दिलेल्या मासळीसाठी त्याची सर्वसाधारण मर्यादा किलोमागे ५ वरून २ मायक्रोग्रॅमवर आणली. सेनेगलमधील थियारोय येथे पुढे विकसित झालेल्या भट्टीत चरबी गोळा करणारे तबक व धुरासाठी स्वतंत्र व्यवस्था आली. भट्टी महागली, परंतु जो खर्च पूर्वी खाणाऱ्याच्या व भाजणारीच्या शरीरावर पडत होता, तो निदान किमतीत दिसू लागला. बाह्यतेचे आंतरिकीकरण म्हणतात ते हेच.

आपल्याकडे २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेने मासेमारीनंतरचे नुकसान २०-२५ टक्क्यांवरून सुमारे १० टक्क्यांपर्यंत आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्याआधी २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची सुविधा मत्स्यव्यवसायापर्यंत विस्तारण्याची घोषणा झाली होती. हे कर्ज प्रामुख्याने खेळत्या भांडवलासाठी, म्हणजे मासळी, मीठ व सरपण यांच्या खरेदीसाठी उपयोगी पडते. सुधारित भट्टी मात्र स्थिर भांडवल आहे, आणि तिच्यासाठी तारण मागितले गेले की छोटी विक्रेती पुन्हा भंगारवाल्याकडून पिंपच आणते.