खिमा-कांदा पावात भरण्याआधी आत्याचं ऐक

लेकरा, तुझ्या मोबाईलवर दिसलेलं ते जाडजूड सँडविच, खिमा आणि तपकिरी होईस्तोवर परतलेल्या कांद्याचं, घरी करायचं तुझ्या मनात आलंय ना? कर की. एक खाल्लं की दुपारपर्यंत भूक लागत नाही. अमेरिकेत ते गोमांसाच्या खिम्याचं करतात. आपल्या राज्यात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच, २०१५ साली त्यात बैल आणि वळूही आले. म्हशीचं मांस चालतं, पण आपल्या ईट गावातल्या घरांत खिमा म्हटला की बोकडाचाच. आणि बोकड तरी कुठला? उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीचं मात्र जुनंच राहिलं. अंगानं बहुतेक काळी, पुष्कळदा जुळी करडं देणारी, कोरड्या माळावरच्या झुडपांवर नि बाभळीच्या शेंगांवर पोसलेली ही जात. मांसासाठी तिचं नाव देशभर आहे. ती दारात असताना दुसरं काही शोधत बसू नकोस.

कामाला लागण्याआधी एवढं ध्यानात घे. या पदार्थात जे काही बिघडतं ते पाण्यामुळं बिघडतं. कांद्यात पाणी, खिम्यात पाणी आणि पावाला पाण्याचं वावडं. या तिघांना सांभाळ.

१. खिमा सकाळी आण आणि खाटकाकडून डोळ्यांसमोर करून घे — आधीच करून ठेवलेल्या ढिगात कुठलं मांस आहे नि कधीचं आहे, ते बघून कळत नाही.

२. फरा आणि मांडी निम्मं-निम्मं सांग — फऱ्यात चव असते, मांडीत भर असते.

३. अर्धा किलो मांसाला शंभरेक ग्रॅम चरबी मागून घे, लाजू नकोस — बोकडाचं मांस मुळातच कोरडं, चरबी नसली की खिमा तव्यावर भुश्यासारखा सुटा होतो.

४. धुवायचं असेल तर आख्खं मांस धू, स्वच्छ कपड्यानं टिपून कोरडं कर आणि मग त्याचा खिमा करायला सांग. खिमा झाल्यावर चाळणीत धरून धुण्याची आपल्या बायकांची सवय तू उचलू नकोस — पाणी आत दडी मारून बसतं, मग खिमा भाजत नाही, नुसता उकडतो.

५. मशीनमधून एकदाच काढायला सांग, मोठ्या जाळीतून. सत्तुरानं हातखिमा करून मिळत असेल तर फारच उत्तम — दोनदा फिरवला की लगदा होतो आणि दाताला काही लागत नाही.

६. बाजारात ओळखीची माणसं भेटणारच, आणि तुला बोलायला आवडतं हे गावाला ठाऊक आहे. तेव्हा गप्पा आधी मार, खिमा शेवटी घे आणि थेट घर गाठ — आख्ख्या तुकड्याला जंतू बहुधा वरच्या अंगालाच असतात, खिमा केला की ते आतपर्यंत मिसळतात, आणि उन्हाळ्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या पुढं गेला की त्यांना तासभर पुरे होतो.

आता कांदा. इथं घाई केलीस तर पुढचं सगळं फुकट जाईल, म्हणून मी इथं जरा जास्त बोलणार आहे.

७. चौघांसाठी किलोभर कांदा घे. ढीग बघून आत्याला वेड लागलं असं म्हणशील, पण शेवटी कढईत जेमतेम पाव किलो उरेल — कांद्यात शंभरातले पंचाऐंशीहून जास्त भाग पाणीच असतं, आणि ते सगळं वाफ होऊन जायचं असतं.

८. उन्हाळी कांदा वापर. हिवाळ्यात सोलापूरच्या बाजारात ट्रकच्या ट्रक उतरतो तो लाल कांदा भजीला गोड लागतो, पण या कामाला उन्हाळीच बरा — तो घट्ट असतो, पाणी कमी सोडतो आणि परतताना अंग धरून राहतो.

९. उभा चीर, मुळाकडून देठाकडं, भजीच्या कांद्याहून थोडा जाड — आडव्या चिरलेल्या कांद्याचे धागे तुटतात आणि अर्ध्या वाटेत त्याचा गाळ होतो.

१०. जाड बुडाची पसरट कढई घे, नॉनस्टिक नको — बुडाला जो तपकिरी थर धरतो त्यातच निम्मी चव असते, आणि नॉनस्टिकला तो थर धरतच नाही.

११. दोन मोठे चमचे तेल, सगळा कांदा, पाऊण चमचा मीठ, वर झाकण, दहा मिनिटं मध्यम आच — मीठ कांद्यातलं पाणी बाहेर ओढतं, झाकणाखाली तो आपल्याच पाण्यात मऊ होतो आणि करपायची भीती राहत नाही.

१२. मग झाकण काढ, आच उतरव आणि चाळीस ते पन्नास मिनिटं त्याच्यापाशी राहा. कुणी दहा मिनिटांत होतो म्हणालं तर ऐकून घे आणि सोडून दे. मोठी आच, कांद्याला जाच.

एवढा वेळ कशाला, हे तू विचारणारच. आपल्या भूम तालुक्यातल्या खव्याच्या भट्टीवर कधी उभं राहून बघ. दूध आटेस्तोवर हात थांबत नाही, खुरपं बुडाशी फिरत राहतं, आणि पाणी गेल्यावाचून खवा होत नाही. कांद्याचं नेमकं तेच आहे. कढईत पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशांच्या वर सरकतच नाही. पाणी आटलं की ती चढते, आणि मग कांद्यातली साखर नि प्रथिनांचे घटक एकमेकांशी जुळून तो तपकिरी रंग नि खमंग वास तयार होतो. लुई कामिय मेयार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली ही गोष्ट शोधून मांडली. भाकरीवरचे डाग, भाजलेले शेंगदाणे, कॉफीचा वास, या सगळ्यांत तीच किमया आहे. म्हणजे कांद्यासमोर उभं राहण्यात तुझा जातो तो वेळ वाया जात नाही, चव त्या वेळातच तयार होते.

१३. बुडाला चिकटायला लागलं की दोन चमचे पाणी शिंपड आणि लाकडी उलथन्यानं खरवडून कांद्यात मिसळ — तो थर करपला तर कडू, वेळेत सोडवला तर सगळ्या कांद्याला रंग देतो. हे चार-पाच वेळा करावं लागेल.

१४. साखर घालू नकोस — कांद्याची स्वतःची पुरेशी असते, वरून घातली की मुरांब्याची चव येते.

१५. खायच्या सोड्याची चिमूट घातली तर रंग लवकर येतो हे खरं — पण कांदा विरघळून चिकट होतो, आणि आपल्याला पावात कांदा दिसायला हवा.

१६. शेवटची दहा मिनिटं मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव — तपकिरी ते काळा हा प्रवास एका मेसेजएवढा असतो.

१७. गॅस बंद केल्यावर अर्धं लिंबू पिळ — इतकी गोडी नुसती खाल्ली तर तोंडाला मिठी बसते, आंबटानं ती सुटते.

कांदा ताटलीत काढ. आता खिमा, त्याला फार वेळ लागत नाही.

१८. तीच कढई वापर, घासू नकोस — कांद्याचा उरलासुरला थर खिम्याच्या कामी येतो.

१९. कढई चांगली तापू दे आणि खिमा दोन वेळा मिळून भाज. कढई गच्च, तर खिमा कच्चा — सगळा एकदम टाकला की कढई निवते, खिमा पाणी सोडतो आणि त्यातच शिजत राहतो.

२०. पसरलास की चार मिनिटं हात लावू नको. तुझा हात कुठंच स्थिर राहत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण इथं ठेव — खालची बाजू खरपूस झाल्याशिवाय खिमा कढई सोडत नाही, आधी ढवळला की नुसता करडा पडतो.

२१. मीठ, ठेचलेलं आलं-लसूण आणि हिरवी मिरची खिमा तपकिरी झाल्यावरच घाल — मीठ आधी पडलं की पुन्हा पाणी, आणि लसूण आधी पडला की करपलाच.

२२. काळा मसाला अर्धा चमचा, बस्स. आपल्या हाताला सवय आहे रश्श्याची, तो आखडता घे — एक तास खर्चून केलेला कांदा मसाल्याखाली गाडायचा नाही.

२३. रंग बदलला म्हणजे शिजला असं धरू नकोस. चिमटीत दाबून बघ, लाल पाणी येता कामा नये आणि सगळीकडून वाफ यायला हवी. मांसाचा थर्मामीटर असेल तर त्यावर एकाहत्तर अंश दिसू दे — खिम्यात वरचं आणि आतलं असं वेगळं काही नसतं, म्हणून तो अर्धाकच्चा खायची सोय नाही.

मुंबईत इराणी हॉटेलांत खिमा-पाव मिळतो, तो मला मनापासून आवडतो. पण तो ओलसर असतो, पाव बुडवून खायचा. आपला खिमा पावाच्या आत बसणार आहे, म्हणून कोरडाच हवा. मुंबईची रीत इथं आणू नकोस.

२४. लादीपाव कालचा घे — ताजा पाव मऊ असतो पण चरबी लागताच बसतो, कालचा तग धरतो.

२५. आतल्या दोन्ही बाजू तुपावर चांगल्या लाल भाज. पाव ओला, घास गेला — भाजलेला पापुद्रा रस आत शिरू देत नाही.

२६. वरच्या बाजूला दह्याचा चक्का लाव, त्यात मिरपूड आणि मीठ. तालुका दुधाचा आहे आपला, चीजची पाकिटं आणायची काय गरज! दही रात्रभर फडक्यात टांगून ठेव — तसंच लावलं तर पुन्हा पाण्याचाच घोळ.

२७. खाली कांदा, वर खिमा, हा क्रम उलटा करू नकोस — खिम्याची सुटलेली चरबी कांदा धरून ठेवतो, पावापर्यंत जाऊ देत नाही.

२८. भरलेला पाव तव्यावर ठेवून वर वजनदार झाकण टेक, दोन्ही बाजूंनी एक-एक मिनिट — सगळं एकजीव होतं आणि पहिल्या घासाला खिमा मांडीवर सांडत नाही.

२९. पाव न खाणारं घरात कुणीतरी असतंच. त्यांच्यासाठी ज्वारीची भाकरी चांगली फुगव, पापुद्रा उघड आणि त्यात भर, मात्र भाकरी तव्यावरून उतरल्या उतरल्या — निवलेला पापुद्रा फाटतो. खरं सांगू, मला हेच जास्त आवडतं.

३०. ताटं मांडून, माणसं बसवून मगच शेवटचं भाज — बोकडाची चरबी निवली की टाळूला चिकटते, आणि मग एवढ्या मेहनतीला कुणी चांगलं म्हणत नाही.

३१. कच्च्या मांसाची सुरी नि पाट गरम पाण्यानं नि साबणानं धुतल्याशिवाय त्यावर कोथिंबीर चिरू नकोस — कोथिंबीर शिजत नाही, तिला जे लागेल ते तसंच पोटात जातं.

३२. कढईतली उरलेली चरबी मोरीत ओतू नकोस. वाटीत गोठू दे आणि कागदात गुंडाळून टाक — नळीत गोठली की मोरी पहाटे तुंबते, आणि तेव्हा दुरुस्तीला कुणी येत नाही.

३३. उरलेला खिमा दोन तासांच्या आत फ्रिजात जाऊ दे, उन्हाळ्यात तासाभरात. दुसऱ्या दिवशी वाफ येईस्तोवर गरम करून संपव, तिसऱ्या दिवसावर ढकलू नकोस. कांदा मात्र झाकणाच्या डब्यात फ्रिजात चार दिवस चांगला राहतो, म्हणून जमलं तर पहिल्यांदाच दीड किलोचा कर — सकाळी अंड्याच्या पोळीत घालता येतो, डब्याच्या मुगाच्या उसळीत चमचाभर ढवळता येतो, आणि पुढच्या वेळी कढईसमोर तासभर उभं राहावं लागत नाही.