सेल्फ कधी लागतो, कधी नाही!

मित्रांनो, कायमची बंद गाडी परवडली, पण लहर लागेल तेव्हा रुसणारी नको. मेकॅनिकसमोर ती शहाण्यासारखी सुरू होते आणि आपण वेडे ठरतो!

आमच्या घरी कार्ब्युरेटरची जुनी छोटी गाडी आहे. आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी चिपळूणला न्यावं लागायचं. परतताना कधी कधी किल्ली फिरवली की नुसतं 'टक'. थकलेली आजी मागच्या सीटवर, बाबा घामाघूम आणि धक्का मारायला मी. बाबांनी नवी बॅटरी घातली, फरक शून्य. गॅरेजवाले काका म्हणाले, "सेल्फ गेला, बदला." दिवाळीच्या सुट्टीत मी म्हटलं, "बाबा, मला दोन दिवस द्या."

आधी कान आणि डोळे वापरायचे. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर पेट्रोल किंवा स्पार्क तपासा. आवाजच नाही, तर किल्लीचा स्विच आणि सोलेनॉइडची बारीक वायर. 'टक' होतं पण सेल्फ फिरत नाही, तर हेडलाइट लावून किल्ली फिरवा. दिवे विझायला आले तर बहुधा बॅटरी किंवा तिची टर्मिनल्स. आमचे दिवे जरासेच मंद व्हायचे. म्हणजे बॅटरीत दम होता, तो सेल्फपर्यंत पोचत नव्हता.

मग मल्टिमीटर. इथे मी पहिली चूक केली. बॅटरी १२.६ व्होल्ट, अर्थिंगची वायर ओहमवर तपासली तर जवळजवळ शून्य. सगळं ओके! पण मीटर त्या वायरमधून काही मिलिअँपिअर सोडतो, सेल्फ शंभरच्या वर अँपिअर ओढतो. साकवावरून एक माणूस आरामात जातो, म्हणून अख्खी वरात जाईल असं नाही. ०.०३ ओहम साध्या मीटरला दिसतही नाही, पण १५० अँपिअरला तोच साडेचार व्होल्ट खातो. ओहमचा नियम व्हायवापुरता नसतो, हे तेव्हा कळलं.

म्हणून लोडवर मोजायचं ठरवलं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन कॉइलची बारीक प्लस वायर काढलेली. मीटर डीसी २० व्होल्टवर. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. बाबा किल्ली फिरवायचे, मी आकडा लिहायचो. थंड इंजिनला ०.२ व्होल्ट, म्हणजे ठीक. मग वायर जोडून गाडी खडबडीत रस्त्यावरून फिरवून आणली, कॉइलची वायर पुन्हा काढली आणि परत मोजलं. चौथ्या वेळी 'टक' झालं आणि मीटरवर ४.८!

तोच प्रयोग प्लसच्या बाजूने केला, बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत. तिथे सगळं ठीक. दोषी सापडला होता: इंजिनला येणारी अर्थिंगची पट्टी. बोल्टखाली हिरवट गंज, निम्म्या तारा तुटलेल्या. इंजिन हललं की उरलेल्या कधी टेकायच्या, कधी नाही.

नवी पट्टी, पॉलिश पेपरने घासलेला धातू, वरून थोडी पेट्रोलियम जेली. खर्च दोनशे रुपयांच्या आत. सेल्फ जुनाच आहे.

मित्रांनो, अधूनमधून येणारा दोष तो हजर असतानाच मोजायचा आणि पार्ट मोजल्यानंतरच बदलायचा. पुढच्या खेपेला आजी गाडीत बसली, बाबांनी किल्ली फिरवली आणि मला उतरावं लागलं नाही. आजी म्हणाली, "शिकतोस म्हणायचं काहीतरी!"